वारा, पाणी आणि अंधार

काका, सप्रेम नमस्कार.

आमचं फ्लोरिडात, पिनेलास काउंटीत, भारतीय किराण्याचं छोटं दुकान आहे. मागे स्वयंपाकघर. शनिवार-रविवार वडापाव आणि मिसळ, सणावाराला पुरणपोळ्या. जागा एका प्लाझात, भाड्याची. मी, अर्धवेळ येणाऱ्या तिघी आणि सुट्टीच्या दिवशी मदतीला येणारा भाचा, एवढीच माणसं. मिस्टर नोकरी करून दुकानाचे हिशेब बघतात.

दुकानाच्या पॅकेज विम्याला वर्षाला ८,९०० डॉलर जातात, वर्कर्स कॉम्पला, म्हणजे कामावर इजा झालेल्या कामगारांच्या विम्याला, १,८००. माल, फ्रीझर, फर्निचर धरून ३,५०,००० चा विमा आहे. २०२४ मध्ये हेलीन वादळाच्या वेळी पाणी प्लाझाच्या पार्किंगपर्यंत येऊन थांबलं. दोन आठवड्यांत मिल्टन आलं, चार दिवस वीज नव्हती, १९,००० डॉलरचा माल फेकला. क्लेम केला, हाती छदाम आला नाही. आता नूतनीकरणाचे कागद आलेत. एजंट म्हणतो, वादळाचं डिडक्टिबल, म्हणजे नुकसानातला आपण सोसायचा पहिला हिस्सा, ५ वरून १० टक्क्यांवर न्या, १,६०० वाचतील, आणि पूरविमा घ्या, २,७०० लागतील. मिस्टर म्हणतात, कायद्याने लागतं तेवढंच ठेवू, बाकी पैसे बँकेत टाकू, गेल्या वर्षी तर एकसुद्धा हरिकेन आलं नाही. मी माहेरची श्रीवर्धनची. निसर्ग वादळात बाबांच्या दुकानाचे पत्रे उडाले, विमा नव्हता, तरी दिवाळीपर्यंत दुकान उभं राहिलं. मग इथे एवढा विमा कशाला? काय काढू आणि काय ठेवू?

– पिनेलासची एक दुकानदार


ताई,

तुमच्या मिस्टरांपासून सुरुवात करतो, कारण त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. ‘कायद्याने लागतं तेवढंच’ हे त्यांनी मनावर घेतलं, तर ते ८,९०० डॉलर बहुतेक सगळेच वाचतील. फ्लोरिडा राज्य तुमच्यासारख्या दुकानदाराकडे वादळाचा विमा मागतच नाही. पुराचाही नाही. कोणी गिऱ्हाईक ओल्या फरशीवर घसरून पडलं तर लागणारी जनरल लायबिलिटीसुद्धा राज्य किराणा दुकानाला सक्तीची करत नाही.

राज्य मागतं ते वर्कर्स कॉम्प. बांधकामाच्या धंद्यात एक माणूस ठेवला तरी लागतो, बाकीच्या धंद्यांत चार किंवा जास्त माणसं झाली की. अर्धवेळवालेही पूर्ण माणूस म्हणूनच मोजतात. मालक कंपनीचे अधिकारी किंवा एलएलसीचे (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीचे) सदस्य असतील तर तेही मोजणीत येतात. त्यांना सूट हवी असेल तर राज्याकडे वेगळा अर्ज करावा लागतो. म्हणजे तिघी, तुम्ही आणि भाचा. हा भाचा पगारपत्रकावर आहे ना? तुम्ही ‘मदतीला येणारा’ असं लिहिलंत म्हणून विचारतो. रोख पैसे हातावर ठेवून जो मदतीला येतो, तो तपासनिसाच्या लेखी कामगारच असतो. विमा नाही असं आढळलं तर दारावर काम बंद करण्याचा आदेश लागतो आणि न भरलेल्या प्रीमियमच्या दुप्पट दंड. वर्षाअखेर विमा कंपनीही पगाराचं ऑडिट करते, तिथेही तो सापडतो. एक गोष्ट मात्र सोपी आहे: फ्लोरिडात वर्कर्स कॉम्पचे दर राज्य मंजूर करतं आणि सगळ्या कंपन्यांना तेच लावावे लागतात. तेव्हा दर स्वस्त मिळावा म्हणून चार एजंटांकडे फिरू नका. तुमच्या तिघींची नोंद ‘किराणा’ अशी आहे की ‘रेस्टॉरंट’ अशी, एवढं बघा. दर त्यावर ठरतो.

दुसरी सक्ती गाडीची. फ्लोरिडात गाडीला १०,००० डॉलरचा स्वतःच्या दुखापतीचा आणि १०,००० चा दुसऱ्याच्या मालमत्तेचा विमा लागतो. पण डोहाळजेवणाची ऑर्डर तुम्ही घरच्या गाडीतून पोचवत असाल तर घरगुती पॉलिसीतलं ‘माल पोचवणे’ हे कलम वाचून ठेवा. बऱ्याच पॉलिसींत तिथे ‘नाही’ लिहिलेलं असतं.

झालं, कायदा संपला. राज्याची मागणी एवढीशीच आहे, आणि तुमचं दुकान ज्यामुळे बंद पडेल त्यातलं काहीच तिच्यात नाही. ते मागतो तुमचा लँडलॉर्ड आणि कर्ज असेल तर बँक. म्हणून मिस्टरांनी विम्याचे कागद बघण्याआधी लीज, म्हणजे भाडेकरार, बघावी. तिकडे मी नंतर येतो. आधी १९,००० डॉलरचं दुखणं.

‘हरिकेन इन्शुरन्स’ नावाची वस्तू बाजारात मिळत नाही. विमावाल्याच्या लेखी वादळ एकसंध नसतंच. वारा एका कागदावर असतो, जमिनीवरून आत शिरणारं पाणी दुसऱ्या कागदावर, आणि वीज जाणं बहुतेक वेळा कुठल्याच कागदावर नसतं, मागून घेतलं तरच असतं. तुमचं नुकसान अंधाराचं होतं. दुकानाला ओरखडा नाही, वायर तुटली ती कुठेतरी दोन मैलांवर. साध्या पॉलिसीत अशा वेळी भरपाई नसते, कारण नुकसानाचं मूळ तुमच्या आवारात नाही. त्यासाठी जोडकलम मिळतं. एक फ्रीझरमधला माल नासण्याचं, ज्याला एजंट ‘स्पॉयलेज’ म्हणतात, आणि दुसरं बाहेरच्या वीज-पाण्याच्या पुरवठ्याचं. दोन्हींचं डिडक्टिबल सहसा वेगळं आणि लहान असतं.

पण इथे एक पाचर आहे. बाहेरच्या पुरवठ्याच्या कलमात अनेकदा ‘खांबांवरच्या तारा वगळून’ असे तीन शब्द असतात. आता फ्लोरिडात वादळात वीज जाते ती कशाने? खांबांवरच्या तारा तुटूनच. मिल्टनने तीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज घालवली. ते तीन शब्द ठेवून कलम घेणं म्हणजे छत्री घ्यायची आणि कापड दुकानातच ठेवून यायचं. एजंटला एका ओळीची ईमेल करा: ‘खांबांवरच्या तारा धरून हवंय, किती जादा पडतील?’ उत्तरही लेखी मागा.

तुमच्याकडे हे कलम असतं तर १९,००० पैकी बराचसा पैसा परत आला असता. नव्हतं, म्हणून तो क्लेम वाऱ्याच्या डिडक्टिबलशी जाऊन आपटला. ३,५०,००० चे ५ टक्के म्हणजे १७,५००. नुकसान वाऱ्याचं मानलं असतं तरी हाती आले असते १,५००. लोक इथेच फसतात. टक्के नुकसानावर नसतात, विम्याच्या पूर्ण रकमेवर असतात.

मला हे शिकायला एक अख्खं वर्ष आणि एक मोटेल लागलं. २००४ साली आमचं ऑर्लँडोजवळ किसिमीला ४२ खोल्यांचं मोटेल होतं. १३ ऑगस्टला, शुक्रवारी रात्री, चार्ली वादळ डोक्यावरून गेलं. इमारतीचा विमा बारा लाखांचा, हरिकेनचं डिडक्टिबल २ टक्के, म्हणजे २४,०००. नुकसान ६१,०००. कंपनीने ३७,००० दिले, मी म्हटलं ठीक आहे. छपरावर निळी ताडपत्री होती, ती सप्टेंबरच्या सुरुवातीला फ्रान्सिसने नेली. नुकसान २०,०००. मी फोन केला तर पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, हे नवं वादळ, नवं डिडक्टिबल. महिना संपता संपता जीन आलं, आणखी २२,०००. पुन्हा तेच उत्तर. तीन वादळांत १,०३,००० चं नुकसान, मिळाले ३७,०००. बायको त्या वर्षी मोटेलच्या ऑफिसात कॅल्क्युलेटर घेऊन बसायची आणि प्रत्येक वेळी आकडा दोनदा मारून बघायची.

त्या वर्षी फ्लोरिडात हजारो घरांचं असंच झालं. आरडाओरडा झाला, कायदा बदलला. आता घरमालकाला हरिकेनचं डिडक्टिबल वर्षातून एकदाच लागतं. घरमालकाला. दुकानाला, मोटेलला ती सवलत नाही. तिथे पॉलिसीत लिहिलं असेल तसं, आणि बहुतेक ठिकाणी ‘प्रत्येक वादळाला’ असंच लिहिलेलं असतं. २०२४ मध्ये फ्लोरिडाला तीन हरिकेन आली: ऑगस्टमध्ये डेबी, २६ सप्टेंबरला हेलीन, ९ ऑक्टोबरला मिल्टन. म्हणून तुमच्या पॉलिसीत तो शब्द नेमका कुठला आहे ते आजच बघा. ‘हरिकेन’ डिडक्टिबल की ‘नेम्ड स्टॉर्म’ डिडक्टिबल, हाही फरक आहे. दुसऱ्या प्रकारात वादळाला नुसतं नाव मिळालं की टक्केवारी लागू, मग वारा हरिकेनच्या वेगाचा असो वा नसो.

या अनुभवानंतर मी मोटेल विकलं आणि विमा एजंटचा २-२० परवाना काढला. लोक म्हणाले, चोर होता आलं नाही म्हणून पोलीस झाला. असो.

मग एजंटचा सल्ला धरायचा का? ५ वरून १० टक्के म्हणजे डिडक्टिबल १७,५०० वरून ३५,०००. जादा जोखीम १७,५०० ची, बचत वर्षाला १,६००. अकरा वर्षं एकही क्लेम झाला नाही तर बरोबरी. मालकीची इमारत असती तर मी साफ नाही म्हटलं असतं. पण तुम्ही भाडेकरू आहात. छप्पर तुमचं नाही, भिंती तुमच्या नाहीत. वाऱ्याने नुसत्या पाट्या आणि चार कौलं उडाली तर ते लँडलॉर्डचं दुखणं. वारा तुमच्या मालाला हात लावतो तो छप्पर फोडूनच, आणि तसं झालं तर नुकसान लहान नसतं, डाळीची पोती, फ्रीझर, मागची चिमणी सगळंच जातं. तेव्हा ३५,००० कापूनही मोठी रक्कम हाती येते. मधल्या आकाराचं नुकसान वाऱ्यातून तुम्हाला क्वचितच होणार. म्हणून तुमच्यापुरतं १० टक्के चालेल, पण एका अटीवर: ३५,००० डॉलर खरोखर बाजूला असले पाहिजेत. मिस्टरांची बँक इथे कामाला येते.

वाऱ्याचा विमा पूर्ण काढून टाकू मात्र नका. एक बारकावा सांगतो. दुकानात पावसाचं पाणी आलं तर विमा कंपनी आधी विचारते, वाऱ्याने छपराला किंवा भिंतीला भोक पाडलं होतं का? पाडलं असेल तर भरपाई, नसेल तर नाही. दाराखालून किंवा जुन्या गळतीतून आलेलं पाणी त्यात बसत नाही. आणि जमिनीवरून वाहत आलेलं पाणी तर कशातच नाही. त्याला वेगळा पूरविमा. क्लेमच्या वेळी सगळी हुज्जत ‘पाणी वरून आलं की खालून’ यावरच असते. वादळ ओसरल्यावर पहिलं काम फरशी पुसण्याचं नाही. आधी भिंतीवरच्या ओलीच्या रेषेला मोजपट्टी लावून फोटो काढायचा आणि मान वर करून छताचाही.

पुराबद्दल माझं मत एजंटच्या बाजूने आहे, आणि मी एजंटच्या बाजूने फार वेळा बोलत नाही. हेलीन तुमच्या किनाऱ्याला लागलंसुद्धा नव्हतं. ते शंभर मैल लांबून समुद्रातून वर गेलं आणि पेरीजवळ जमिनीवर आलं, तरी टॅम्पा बेच्या काठाने समुद्राचं पाणी विक्रमी चढलं. ते तुमच्या पार्किंगमध्ये थांबलं. मिल्टनची कथा वेगळी. त्याने सेंट पीटर्सबर्गवर एका दिवसात १८ इंचांहून जास्त पाऊस ओतला. तुम्ही कोकणातल्या, साडेचारशे मिलिमीटर म्हटलं की तुम्हाला कळेल. फरक एवढाच की कोकणात त्याला उतार मिळतो, पिनेलास ताटासारखं सपाट आहे. समुद्रापासून लांब असलेल्या गल्ल्यांतसुद्धा पाणी साचलं.

‘आम्ही सी झोनमध्ये आहोत’ असं पिनेलासचे लोक मला सांगतात तेव्हा मी विचारतो, कुठला सी? ए ते ई ही अक्षरं घर सोडून जाण्याच्या आदेशाची आहेत. पूरविम्याचा नकाशा केंद्र सरकारच्या आपत्ती यंत्रणेचा, फेमाचा, त्यातली अक्षरं वेगळी: एई, व्हीई, एक्स. एक्स म्हणजे कर्जाच्या अटीत पूरविमा सक्तीचा नाही इतकंच. पाणी येणार नाही असं त्याने कुणाला लिहून दिलेलं नाही.

केंद्राच्या पूर योजनेत व्यापारी इमारतीला पाच लाख आणि आतल्या सामानाला पाच लाख अशी कमाल मर्यादा आहे, आणि भाडेकरूला फक्त सामानाचा विमा घेता येतो. तुमच्या त्या २,७०० मध्ये २५० डॉलरचा एक अधिभार आहे, तो राहत्या घराला २५ आणि बाकी सगळ्यांना २५०, त्यावर घासाघीस होत नाही. भरपाई घसारा वजा करून मिळते. तुमचा वॉक-इन कूलर आठ वर्षांचा असेल तर नव्याचे पैसे येणार नाहीत, मनाची तयारी ठेवा. खाजगी कंपन्याही पूरविमा देतात. एकदा त्यांचाही दर मागवा.

आणि घाई करा. केंद्राचा पूरविमा घेतल्यावर लागू व्हायला ३० दिवस लागतात. हरिकेनचा मोसम १ जूनला सुरू होतो. वादळ मेक्सिकोच्या आखातात शिरलं की तुम्हाला मिळतात थोडेच दिवस, आणि तोवर बाकीच्या कंपन्यांनीही नवी पॉलिसी देणं, असलेली वाढवणं बंद केलेलं असतं. टीव्हीवर नकाशा दिसायला लागल्यावर एजंटला फोन करणारे लोक दरवर्षी असतात, आणि एजंट फोन उचलून फक्त सहानुभूती देऊ शकतो. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तर केंद्र सरकारचं कामकाजच ठप्प झालं आणि नव्या पूर पॉलिसी देणं नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत थांबलं. हरिकेनच्या भर मोसमात.

आता लीज. चहा घेऊन बसा, कारण ती चाळीस पानांची असणार. पहिल्यांदा बघा ‘ट्रिपल नेट’ आहे का. असेल तर लँडलॉर्डच्या इमारतीच्या विम्याचा तुमच्या चौरस फुटांएवढा वाटा तुम्ही भाड्याबरोबर भरताच आहात. म्हणजे मिस्टरांनी तुमचा वाऱ्याचा विमा काढून टाकला तरी वाऱ्याचा प्रीमियम तुमच्या खिशातून जातोच, फक्त भरपाई लँडलॉर्डला. मग छपरावरचा एसी कुणाचा ते बघा. समोरची काच कुणाची? तुम्ही बसवलेली फरशी, ओटे, धुराडं वादळात गेलं तर कुणाच्या विम्यातून? प्लाझा तीन महिने बंद राहिला तर भाडं थांबतं का? अनेक लीजमध्ये थांबतं, काहींत चक्क नाही. तुमच्या विम्यातलं डिडक्टिबल अमुक रकमेच्या वर नको असंही काही लँडलॉर्ड लिहितात. तसं असेल तर १० टक्क्यांचा विचार तिथेच संपला. जनरल लायबिलिटी बहुधा एका घटनेला दहा लाख आणि वर्षाला वीस लाख मागितलेली असेल, ती काढून टाकायची नाहीच. आणि शेवटच्या पानांत बघा, तुम्ही दोघांनी वैयक्तिक हमीवर सह्या केल्यात का.

तुमच्या बाबांच्या दुकानाचा प्रश्न मला इथे आठवला. ३ जून २०२० ला निसर्ग आलं तेव्हा त्यांच्या डोक्यावरचे पत्रे गेले, पण जागा त्यांची होती. भाडं चालू नव्हतं, हमी दिलेली नव्हती, आणि गावातला सुतार, गवंडी ओळखीचा. पत्रे आणले, ठोकले, दुकान चालू. तुमच्याकडे दुकान बंद असताना लीजचं मीटर पळत असतं, आणि हमी असेल तर ते तुमच्या घरापर्यंत पोचतं. शिवाय दुरुस्तीला परवाना, तपासणी, आणि वादळानंतर कंत्राटदार मिळेपर्यंत लागणारी रांग. बाबा सहा महिन्यांत उभे राहिले, यात त्यांचं कर्तृत्व आहे. पण त्यांना महिन्याचं भाडं भरायचं नव्हतं हेही आहे.

याच कारणासाठी पॅकेजमधलं धंदा बंद राहण्याचं कलम नीट बघा. त्यात सहसा पहिले ७२ तास काही मिळत नाही. चौथ्या दिवसापासून, तेही दुकानाला प्रत्यक्ष इजा झाली असेल आणि ती विम्यात बसणाऱ्या कारणाने झाली असेल तर. वाऱ्याने छप्पर गेलं, दुकान बंद: मिळेल. पाणी शिरून बंद: या कलमात पूर बसत नाही, आणि केंद्राच्या पूर योजनेत बुडालेल्या धंद्याची भरपाईच नाही. म्हणजे पुराने दुकान दोन महिने बंद राहिलं तर भाडं आणि तिघींचा पगार कुठल्याच कागदातून येणार नाही. मिस्टरांचं बरोबर असलेलं अर्धं ते हेच. ही रक्कम बँकेतच ठेवावी लागते. तुमचं दोन महिन्यांचं भाडं, पगार आणि कर्जाचा हप्ता, अधिक ते ३५,०००. मोठ्या वादळानंतर फ्लोरिडा राज्य छोट्या धंद्यांना ५०,००० पर्यंत वर्षभर बिनव्याजी पूल-कर्ज देतं, छोट्या धंद्यांसाठीचं केंद्राचं खातं, एसबीए, लांब मुदतीचं कर्ज देतं. पण ती कर्जं आहेत, फेडायची असतात.

२०२५ मध्ये एकही हरिकेन अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आलं नाही हे त्यांचं म्हणणं खरं आहे. दहा वर्षांत पहिल्यांदा असं झालं. त्याचा अर्थ मी वेगळा लावतो. इथल्या विमा कंपन्या स्वतःही विमा काढतात, लंडन-बर्म्युडाच्या पुनर्विमा कंपन्यांकडे, आणि फ्लोरिडाचे ते करार बहुतेक १ जूनला नवे होतात. २०२२ मध्ये इयन वादळ आलं आणि पुढच्या जूनला ते दर भडकले, म्हणून तुमचेही भडकले. आता एक मोसम कोरडा गेलाय, बाजार सैल झालाय. तो काढून टाकायचा मोसम नाही, भाव पाडून घ्यायचा आहे. तुमच्या एजंटला सांगा, तीन ठिकाणचे दर आणून दे. लँडलॉर्डकडून छपराचं वय लेखी घ्या आणि इमारत कधीची तेही. १९९२ च्या अँड्र्यू वादळानंतर राज्याने बांधकामाचा एकच नियम केला, तो २००२ पासून लागू झाला. त्यानंतरची इमारत आणि नवं छप्पर असेल तर भाडेकरूलाही दरात फरक पडतो. तंदूर कोळशाचा असेल तर विमावाले नाक मुरडतात, गॅसचा असेल तर कमी.

आणि हो, पॉलिसीच्या पहिल्या पानावर ‘सरप्लस लाइन्स’, म्हणजे राज्याच्या नेहमीच्या परवान्याबाहेरची कंपनी, असा शिक्का आहे का ते बघा. तुमच्यासारख्या किनाऱ्यावरच्या दुकानांचे विमे बरेचदा तिथेच असतात. त्यात चूक काही नाही, पण दोन गोष्टी कळायला हव्यात. प्रीमियमवर ४.९४ टक्के कर लागतो. आणि कंपनी बुडाली तर राज्याचा हमी निधी तुमचा क्लेम देत नाही. २०२२-२३ मध्ये फ्लोरिडात विमा कंपन्या बुडाल्या आहेत, त्यामुळे हे भुताचं भय नाही. विमा कंपन्यांची पत ठरवणाऱ्या ए. एम. बेस्टचं मानांकन बघूनच सही करा.

शेवटी दिवाळी. गणपती, नवरात्र, दिवाळी, म्हणजे तुमचा माल सगळ्यात जास्त कधी असतो? सप्टेंबर-ऑक्टोबर. मिल्टन नवरात्रात आलं. समजा दिवाळीच्या तोंडावर दुकानात पाच लाखांचा ऐवज आहे आणि पॉलिसीत ८० टक्क्यांची सहविमा अट आहे, तर विमा चार लाखांचा हवा. तुमचा आहे साडेतीन. मग ८०,००० चं नुकसान झालं तरी कंपनी हिशेबात ७०,००० च धरते आणि त्यातून डिडक्टिबल कापते. यासाठी तीन महिन्यांपुरती रक्कम वाढवणारं जोडकलम असतं. बारा महिने जास्त प्रीमियम भरण्याची गरज नाही. विमा कंपन्यांना ख्रिसमस माहीत असतो, दिवाळी तुम्हाला सांगावी लागेल.

तर मी तुमच्या जागी असतो तर: लायबिलिटी आणि वर्कर्स कॉम्प तसेच. लीज आड येत नसेल तर वाऱ्याचं डिडक्टिबल १० टक्के, त्यातून वाचलेले १,६०० थेट पूरविम्याला. वरचे १,१०० खिशातून. स्पॉयलेज आणि खांबांवरच्या तारांसकट बाहेरच्या विजेचं कलम, जे काही पडेल ते. दिवाळीची वाढीव रक्कम. आणि मिस्टरांच्या नावाने बँकेत तो निधी, ज्याला एरवी कुणी हात लावायचा नाही, भाच्याच्या मुंजीलासुद्धा नाही.

३१ मेला दुकान बंद केल्यावर फोन घेऊन एक फेरी मारा. प्रत्येक फडताळ, फ्रीझरचे दरवाजे उघडून आतला माल, यंत्रांवरचे क्रमांक, सगळं एका व्हिडिओत. तो दुकानाच्या कॉम्प्युटरवर ठेवू नका, बहिणीला पाठवून द्या. केंद्राचा पूरविमा सोडला तर क्लेम एक वर्षाच्या आत कळवावा लागतो, राहिलेल्या नुकसानाची पुरवणी दीड वर्षापर्यंत. मिल्टनच्या मालाची मुदत त्यामुळे गेली, तो विषय सोडा.

पॉलिसीची पहिली चार पानं आणि लीजमधलं विम्याचं कलम, दोन्हींचे फोटो मला पाठवा. ‘खांबांवरच्या तारा’ कुठल्या ओळीत लपल्यात ते शोधून देतो. एजंटचं उत्तर आलं की तेही जोडा.

तुमचा,
काका